उस्तादाची केबिन आणि सरकारचा फळा

एक फळा. वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता. सिग्नलची मॉडेल्स बसवलेला रस्त्याचा आराखडा. वाहतूक पोलिसाच्या हाताच्या इशाऱ्यांचा तक्ता. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक शू आणि ड्रम. पंक्चरचं सामान, टायर लिव्हर, जॅक, हवा मोजायचा गेज. पान्यांचा संच. शिकणाऱ्यांसाठी बाकं आणि टेबलं. मोटारीची यंत्ररचना, रस्ता सुरक्षा आणि कायदा यांवरची पुस्तकं. प्रथमोपचाराची पेटी.

ही यादी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधली आहे. देशात कुठेही ड्रायव्हिंग स्कूल काढायचं असेल तर एवढं सामान जवळ असलं पाहिजे, असं २४वा नियम सांगतो. शिवाय व्याख्यानासाठी जागा हवी. शिकवणारा किमान दहावी पास हवा, त्याला गाडी चालवण्याचा पाच वर्षांचा अनुभव हवा आणि मोटार मेकॅनिकचा कोर्स केल्याचं प्रमाणपत्रही हवं.

मी नागपूरला मनीषनगरमध्ये राहतो आणि मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या भागात ड्रायव्हिंग स्कूलच्या पाट्या बऱ्याच आहेत. बहुतेकांवर कारचं चित्र असतं आणि खाली बारीक अक्षरात 'हेवी लायसन्सची कामं केली जातात' असं काहीतरी लिहिलेलं असतं. 'कामं केली जातात' हा शब्दप्रयोग मला गमतीदार वाटला. हेवी गाडी शिकवली जाते, असं तिथे म्हटलेलं नाही. मग मी मूळ नियम उघडून वाचायला लागलो आणि ती वरची यादी सापडली. कोणीतरी, कधीतरी, अगदी मनापासून एका वर्गाची कल्पना केली होती. ट्रकचा ड्रायव्हर बाकावर बसलाय, समोर फळा आहे, टेबलावर उघडा गिअरबॉक्स ठेवलाय आणि मास्तर विचारतायत, सांगा, उतारावर गाडी कुठल्या गिअरमध्ये हवी?

हा वर्ग आला कुठून आणि त्यात बसायचं होतं ते लोक कुठे गेले, त्याची ही गोष्ट.

परीक्षा आधी आली, शाळा नंतर

मोटारींसाठी देशपातळीवरचा पहिला कायदा १९१४चा, इंडियन मोटर व्हेइकल्स अ‍ॅक्ट. त्याने लायसन्स सक्तीचं केलं आणि वयाची अट १८ ठेवली. त्या काळी मोटार म्हणजे साहेबाची किंवा संस्थानिकाची. ड्रायव्हर हा घरच्या नोकरांपैकी एक. तो कुठे शिकला हे विचारण्याची कोणाला गरज वाटत नव्हती.

१९३९मध्ये नवा मोटार वाहन कायदा आला. तोवर रस्त्यांवर बस आणि लॉऱ्या पुष्कळ झाल्या होत्या. रेल्वेला त्यांची स्पर्धा जाणवू लागली होती. या कायद्याने व्यावसायिक वाहन चालवणाऱ्याचं किमान वय २० केलं आणि वाहन चालवण्याच्या चाचणीत काय तपासायचं ते परिशिष्टात लिहून टाकलं. आपला विदर्भ तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. तिथे या कायद्याखाली १९४०चे स्वतंत्र नियम लागू झाले.

यात एक गोष्ट लक्षात येते. सरकार सुरुवातीपासून ड्रायव्हरची परीक्षा घेत होतं. शिकवण्याची व्यवस्था काय असावी, याचा देशभरासाठी एकच आराखडा मात्र पुढची ५० वर्षं नव्हता. तुम्ही कुठूनही शिकून या, आम्ही तपासून घेतो, असा सगळा मामला.

मोठ्या संख्येने माणसांना पद्धतशीरपणे ट्रक शिकवण्याचं काम प्रथम लष्कराने केलं. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या सर्व्हिस कोअरला हजारो ड्रायव्हर लागत होते आणि खेड्यातून आलेली पोरं त्याआधी कधी स्टिअरिंगला हात न लावलेली. युद्ध संपलं, ही माणसं घरी परतली आणि त्यांच्यातली अनेक जण नागरी वाहतुकीत शिरली. नंतर १९५४मध्ये टाटांनी डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. ट्रक वाढत गेले, तसे ड्रायव्हरही लागत गेले.

एसटीने स्वतःची वेगळी वाट काढली. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर ही पहिली एसटी धावली. प्रवासी घेऊन जाणारी सरकारी गाडी म्हटल्यावर ड्रायव्हर कसा घ्यायचा, कसा शिकवायचा, कधी पुन्हा तपासायचा, याची शिस्त महामंडळाला बसवावीच लागली. १९६७मध्ये पुण्याजवळ भोसरीला केंद्रीय रस्ते परिवहन संस्था, म्हणजे सीआयआरटी, उभी राहिली. देशभरातल्या राज्य परिवहन उपक्रमांसाठी प्रशिक्षण आणि संशोधन करणारी ही संस्था. म्हणजे बसच्या ड्रायव्हरसाठी वर्ग होता, फळा होता, मास्तर होता.

ट्रकच्या ड्रायव्हरसाठी यांतलं काहीच नव्हतं. त्याचं एक साधं कारण आहे. बस एका मोठ्या मालकाच्या, म्हणजे सरकारच्या होत्या. ट्रक मात्र हजारो लहान मालकांचे. कुणाचा एक, कुणाचे दोन. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगितली. पण हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या उपक्रमांना लागू होता. एका ट्रकच्या मालकाकडे एक ड्रायव्हर आणि एक क्लीनर. तो त्या कायद्याच्या बाहेरच राहिला. ज्याला कामाच्या तासांचाच हिशेब नाही, त्याला वर्गाचे तास कोण देणार?

केबिनमधली शाळा

मग ट्रक शिकला कसा? अमरावती रोडला वाडी नावाचं उपनगर आहे. तिथे गोदामं आणि ट्रान्सपोर्टची ऑफिसं ओळीने आहेत. चहाच्या टपरीवर साठीच्या घरातले एक ड्रायव्हर काका भेटले. मी विचारलं, "काका, तुम्ही थिअरी कुठे शिकलात?"

"कायची थिअरी, बाबू? आम्ही तं उस्तादाच्या हाताखाली शिकलो. पह्यले सहा महिने निस्ते टायर ठोकले."

हे शब्दशः खरं असतं. क्लीनर, म्हणजे आपल्या गावाकडच्या बोलीतला 'किन्नर', दर थांब्याला उतरतो आणि लोखंडी रॉडने प्रत्येक टायर ठोकतो. हवा भरलेल्या टायरचा आवाज टणक येतो, कमी हवेचा भद्द येतो. दोन टायर जोडीने असतात तिथे आतला टायर डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून कानाने तपासायचा. याला हवेच्या दाबाची परीक्षा म्हणा की आणखी काही, पोराला ती सहा महिन्यांत पाठ होते.

त्यानंतर काच पुसणं, ताडपत्री बांधणं, दोर आवळणं, रिव्हर्स घेताना मागे उभं राहून "आने दो, आने दो" ओरडणं. मग एखाद्या रात्री रिकाम्या रस्त्यावर उस्ताद म्हणतो, "चल, बस." तोवर पोराने हजारो किलोमीटर डावीकडच्या सीटवरून बघितलेले असतात. गिअर कुठे बदलतात, पुढच्या गाडीचा दिवा कसा वाचायचा, चेकपोस्टवर कोणाशी कसं बोलायचं, कुठल्या ढाब्यावर गाडी लावली तर डिझेल चोरीला जात नाही. हे शिक्षण हलकं नव्हतं. काही वर्षं चालणारं, कामावरचं, फुकट आणि जेवणासकट. मला चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये यंत्राशी इतकी सलगी झाली नाही.

पण या शाळेची एक मर्यादा आहे आणि तीच या लेखाचा मुद्दा आहे. केबिनमध्ये तेच शिकता येतं जे पुन्हा पुन्हा घडतं. टायर ठोकणं रोज घडतं. रिव्हर्स रोज घडतो. ब्रेक फेल रोज होत नाही. पुढचा टायर ८०च्या वेगात फुटणं ही गोष्ट एखाद्याच्या आयुष्यात एकदाच घडते. अनेकांना ती दुसऱ्यांदा घडायला आयुष्य उरत नाही. उस्ताद स्वतः ज्या प्रसंगातून गेलेला नाही, तो प्रसंग तो कसा शिकवणार? आणि उस्ताद चुकीचं शिकवत असेल, पण त्या चुकीची किंमत त्याला अजून मोजावी लागली नसेल, तर ती चूक अनुभवाचं बोल म्हणून पुढच्या पिढीकडे जाते.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे न्यूट्रल.

न्यूट्रलची गोष्ट

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे लांब उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री एक ट्रक या उतारावरून सुसाट खाली आला आणि त्याने डझनावारी गाड्यांना धडक दिली. टीव्हीवर चुरगळलेल्या गाड्यांची रांग तुम्ही पाहिली असेल. सुरुवातीला 'ब्रेक फेल' अशी बातमी आली. प्राथमिक तपासात वेगळंच पुढे आलं. ड्रायव्हरने डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी तशीच सोडली होती.

हे त्या एका माणसाचं डोकं नव्हतं. उतार लागला की न्यूट्रल टाकायचा, जमलं तर इंजिन बंद करायचं, ही केबिनमधली जुनी अक्कल आहे. डिझेल वाचतं, मालक खूश होतो, कधी वाचलेल्या डिझेलचे दोन पैसे ड्रायव्हरला सुटतात. शंभर वेळा केलं, शंभर वेळा गाडी नीट खाली उतरली. केबिनच्या शाळेत याला सिद्ध झालेलं ज्ञान म्हणतात.

आता फळ्यावर काय लिहिलं असतं ते बघा. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. ती हवा कॉम्प्रेसर भरतो आणि कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद झालं की टाकीत साठलेली हवा तेवढी उरते. ब्रेक दाबाल तशी ती संपत जाते. इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टिअरिंगची मदतही गेली. गिअर काढला म्हणजे इंजिनचा रोध गेला. उतारावर गाडी आवरून धरण्याचं निम्मं काम हा रोध करत असतो. आता सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर. ड्रम तापतात. तापलेल्या ड्रमवर लायनिंगची पकड सुटत जाते. ड्रायव्हर जोरात ब्रेक दाबतो, गाडी थांबत नाही आणि मग बातमी येते, ब्रेक फेल.

गंमत म्हणजे डिझेलही वाचत नाही. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की उतारावर इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं डिझेल जळतच राहतं.

किंवा वेगाचं गणित घ्या. नववीच्या विज्ञानाचं आहे. ताशी ४०च्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, असं धरू. तेवढ्यात १७ मीटर गेले. चांगल्या ब्रेकवर पुढे साधारण १२ मीटर. एकूण २९. आता वेग ८० करा. दीड सेकंदात ३३ मीटर आणि ब्रेक लागल्यावर ४९ मीटर. एकूण ८२. वेग दुप्पट झाला, पण ब्रेकनंतरचं अंतर चौपट झालं. हे कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर. पावसाळ्यात यापेक्षा जास्त. अनुभवाने माणसाला 'दुप्पट वेग, दुप्पट अंतर' असंच वाटत राहतं, कारण आपल्या मनाला वर्गाचं गणित आपसूक जमत नाही. त्यासाठी कोणीतरी फळ्यावर एकदा आकडे मांडावे लागतात.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही प्रोग्रॅम तपासतो तेव्हा रोजचा वापर तपासणं सोपं असतं. खरा कस लागतो तो क्वचित घडणाऱ्या गोष्टींचा. सर्व्हर मध्येच बंद पडला तर? एकाच वेळी दोघांनी बटण दाबलं तर? या गोष्टी प्रत्यक्ष घडेपर्यंत थांबायचं नसतं, आधीच बसून त्यांची यादी करायची असते. ट्रकच्या थिअरीचा वर्ग म्हणजे नेमकी ही यादी.

एक चांगला अभ्यासक्रम

आणि ती यादी खरोखर केली गेली. १९८८चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९पासून लागू झाला. त्याच्या १२व्या कलमाने ड्रायव्हिंग स्कूलना परवाना आणि नियम लावले. सोबतच्या केंद्रीय नियमांतला ३१वा नियम म्हणजे अभ्यासक्रम. इंग्रजी ए पासून के पर्यंत भाग पाडलेले. ड्रायव्हिंगची थिअरी, वाहतूक शिक्षण, यंत्ररचना, जड वाहनाची थिअरी, आगीचे धोके, देखभाल, प्रथमोपचार. व्यावसायिक वाहन शिकणाऱ्याला कमीत कमी ३० दिवस आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे कमीत कमी १५ तास.

मी हा अभ्यासक्रम वाचायला घेतला तेव्हा सरकारी कंटाळवाण्या भाषेची अपेक्षा होती. निघालं वेगळंच. घसरणं, टायर फुटणं, ब्रेक निकामी होणं, अशा संकटांत काय करायचं याची नोंद आहे. आरसा-इशारा-हालचाल हा ब्रिटिश ड्रायव्हिंगमधला क्रम आहे. अतिआत्मविश्वास, उतावीळपणा, इतरांची कदर हेही अभ्यासाचे विषय आहेत. रस्त्यावरच्या इतरांशी सौजन्याने वागण्यासाठी तर एक वेगळा भाग आहे. ज्याने हे लिहिलं त्याला ट्रकचा ड्रायव्हर म्हणजे फक्त हात-पाय वाटत नव्हते. त्याला मन आहे, राग आहे, थकवा आहे, हे लिहिणाऱ्याने धरलं होतं.

अडचण अशी की ३० दिवसांत १५ तास म्हणजे दिवसाला अर्धा तास. उरलेला वेळ वर्गाचा, असं कागदावर गृहीत धरलेलं. प्रत्यक्षात तो वर्ग भरला की नाही, हे कळणार कुठून? स्कूलने हजेरीचं रजिस्टर ठेवायचं, ड्रायव्हिंगच्या तासांचं रजिस्टर ठेवायचं आणि शेवटी 'फॉर्म ५' हे प्रमाणपत्र द्यायचं. वर्ग कसा झाला ते तपासायची एकच जागा होती, ती म्हणजे रजिस्टर. आणि रजिस्टर एका बैठकीतही भरता येतं. शिकाऊ लायसन्सच्या वेळी चिन्हं आणि नियमांची परीक्षा असते, ६० टक्क्यांना पास. पण ती सगळ्यांना सारखीच, स्कूटीवाल्या कॉलेजकुमारीला आणि ट्रकवाल्याला. हवेचे ब्रेक कसे चालतात हे त्यात कोणी विचारत नाही.

तुलनेसाठी बाहेर बघू. युरोपीय संघाच्या नियमांनुसार व्यावसायिक ड्रायव्हरला दर पाच वर्षांनी ३५ तासांचं प्रशिक्षण पुन्हा घ्यावं लागतं. म्हणजे वर्ग एकदाचा नाही, आयुष्यभराचा. अमेरिकेने ७ फेब्रुवारी २०२२पासून नव्या ट्रक ड्रायव्हरांना थिअरी सक्तीची केली, तीही नोंदणीकृत संस्थेतूनच. तिथे थिअरीला किमान तासांची अट नाही, पण चाचणीत ८० टक्के मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांनी काय डोक्यात गेलं ते मोजायचं ठरवलं. आपण किती दिवस बसला ते मोजत राहिलो.

आठवी पास, आठवी नापास

या वर्गात बसणार कोण, हा प्रश्न अभ्यासक्रमापेक्षा अवघड निघाला. २००७मध्ये केंद्राने व्यावसायिक वाहनाच्या लायसन्ससाठी आठवी पासची अट घातली. तर्क सरळ होता. ड्रायव्हरला पाट्या वाचता आल्या पाहिजेत, कागदपत्रं कळली पाहिजेत. पण उस्तादाच्या केबिनमधला पोरगा बहुधा शाळा सोडूनच तिथे आलेला असतो. त्याच्यासाठी दारच बंद झालं. गाडी तर त्याला येत होती. मग लायसन्सचा प्रश्न कुठल्या वाटेने सुटत असेल, ते आपण भारतात राहतो म्हणून सांगायला नको.

२०१९मध्ये ही अट गेली. हरियाणा सरकारने मेवात भागाचं उदाहरण देऊन ती काढण्याची विनंती केली होती. तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोकांचं पोट ड्रायव्हिंगवर आहे आणि शाळा मात्र अनेकांच्या नशिबी नाही. देशात सुमारे २२ लाख ड्रायव्हर कमी आहेत, असं तेव्हा परिवहन मंत्रालयाने म्हटलं होतं. अट काढताना मंत्रालयाने एक गोष्ट स्पष्ट सांगितली. शिक्षणाची अट जातेय, म्हणून प्रशिक्षण आणि कौशल्याची परीक्षा कडक असली पाहिजे.

मला हा निर्णय योग्य वाटतो. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. अट काढल्याने वर्गाची जबाबदारी कमी झाली नाही, वाढली. आता वर्गाला अशा माणसाला शिकवायचंय ज्याला वाचता येत असेलच असं नाही. पुस्तकांचं कपाट त्याच्या कामाचं नाही. टेबलावरचा उघडा गिअरबॉक्स मात्र आहे. १९८९च्या यादीतल्या ज्या वस्तू आज बहुतेक ठिकाणी धूळ खात असतात, इंजिन, ब्रेक शू, ड्रम, नेमक्या त्याच निरक्षर माणसाच्या खऱ्या पाठ्यपुस्तकाची पानं आहेत. तापलेल्या ड्रमवर लायनिंग कशी गुळगुळीत होते, हे अक्षर न येणाऱ्याला बोटाने कळतं.

एका प्रकारच्या ट्रकसाठी मात्र सरकारने हात सैल सोडला नाही. गॅस, पेट्रोल, रसायनांचे टँकर. नववा नियम सांगतो की असं वाहन चालवणाऱ्याला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता आली पाहिजे आणि त्याने मान्यताप्राप्त संस्थेत तीन दिवसांचा वर्ग पूर्ण केला पाहिजे. त्यात बचावात्मक ड्रायव्हिंग, अपघातांची कारणं, रात्रीचं ड्रायव्हिंग, थांबण्याचं अंतर आणि टाकीत जे आहे त्याचे गुणधर्म. टँकरच्या मागे नारिंगी पट्ट्यावर जे आकडे आणि इंग्रजी अक्षरं असतात, ती गळती झाल्यावर पाणी मारायचं की नाही हे सांगतात. इथे अनुभवाची वाट बघणं शक्यच नाही, हे सगळ्यांना पटलं. क्लोरीन गळतीचा सराव करत करत कोणी शिकत नाही.

वाचता न येणाऱ्या ड्रायव्हरला वर्गात शिकवताच येत नाही, ही समजूत तर एचआयव्हीच्या कामाने आधीच खोटी पाडली होती. या शतकाच्या सुरुवातीला टीसीआय फाउंडेशनने 'कवच' नावाचा प्रकल्प महामार्गांवरच्या ट्रक थांब्यांवर चालवला. शिकवणारे थेट जिथे ट्रक माल भरायला तासन्‌तास उभे असतात, तिथे गेले. चित्रं, पथनाट्य, खेळ, गप्पा. लाजेमुळे जो विषय घरात काढता येत नाही, तो थांब्यावर बोलला गेला. मग न्यूट्रल आणि ब्रेक यांवर बोलणं किती सोपं!

दोन एकरांचा वर्ग

१ जुलै २०२१पासून नवे नियम आले, मान्यताप्राप्त ड्रायव्हर प्रशिक्षण केंद्रांचे. जड वाहनांच्या केंद्राला दोन एकर जागा हवी. दोन वर्गखोल्या, कॉम्प्युटर, प्रोजेक्टर, सिम्युलेटर, ट्रॅक, वर्कशॉप. मध्यम आणि जड वाहनाचा अभ्यासक्रम ३८ तासांचा, सहा आठवड्यांत. इथून पास झालेल्याला आरटीओत पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही.

अशा केंद्रांचं बीज जुनं आहे. ट्रकची बॉडी बांधण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या तमिळनाडूतल्या नामक्कलला अशोक लेलँडने १९९५मध्ये ड्रायव्हर प्रशिक्षण संस्था काढली. त्याच कंपनीची एक संस्था आपल्या शेजारी, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याला आहे. ट्रक बनवणाऱ्यांना एक गोष्ट कळली होती. नवा इलेक्ट्रॉनिक ट्रक जुन्या उस्तादाच्या हातात गेला तर नावं ट्रकलाच ठेवली जातात.

सिम्युलेटरबद्दल मला विशेष वाटतं, कारण माझ्या वर्गाच्या व्याख्येत तो बरोबर बसतो. जी गोष्ट आयुष्यात एकदाच घडते ती इथे दहादा घडवता येते. नागपुरात २०२१मध्ये सुरू झालेल्या आयरास्ते प्रकल्पाने आणखी एक वाट दाखवली. महापालिकेच्या बसमध्ये धोक्याचा इशारा देणारी यंत्रं बसवली गेली. पुढची गाडी फार जवळ आली, लेन सुटली, की इशारा वाजतो आणि नोंद होते. या नोंदींवरून कुठला ड्रायव्हर कुठे चुकतो ते कळतं, म्हणजे वर्गात काय शिकवायचं तेही कळतं. रजिस्टरपेक्षा ही साक्ष जास्त खरी.

पण यंत्रं आली तरी एक जुना प्रश्न तसाच आहे. सहा आठवडे वर्गात बसणाऱ्याचं घर कोण चालवणार? फी कोण भरणार? उस्तादाची शाळा जेवण देत होती, वर थोडे पैसेही. दोन एकरांचं केंद्र दोन्ही मागतं. मालक म्हणतो, शिकवला तर उद्या दुसऱ्याच्या गाडीवर जाईल. ड्रायव्हर म्हणतो, शिकलो तरी पगार तोच. दोघांचंही बरोबर आहे, आणि म्हणून वर्ग रिकामा राहतो. जोवर ३८ तासांच्या प्रमाणपत्राने पगारात फरक पडत नाही, तोवर 'कामं केली जातात' ही पाटी जिंकणार.

कलम १३४

जानेवारी २०२४च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर ट्रक थांबले. पेट्रोल मिळणार नाही या भीतीने नागपुरातही पंपांवर रांगा लागल्या. नव्या भारतीय न्याय संहितेत अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा होती. ड्रायव्हरांचं म्हणणं होतं, आम्ही पळतो ते मार खाऊन मरायचं नाही म्हणून. सोशल मीडियावर अनेकांनी त्यांची टर उडवली. पुढे ते उपकलम लागू करणं सरकारने स्थगित ठेवलं.

तेव्हा मी मोटार वाहन कायद्याचं १३४वं कलम वाचलं. अपघातानंतर ड्रायव्हरने काय करायचं, हे त्यात आहे. जखमीला दवाखान्यात न्यायचं, पोलिसांना कळवायचं. पण त्यात एक अपवाद लिहिलाय. जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर. १९८८च्या कायद्याला ती भीती माहीत होती. कायद्याने ती कागदावर मान्य केली होती. हे कलम वर्गात नीट शिकवलं गेलं असतं, तर पळून गेल्यावरही जवळच्या ठाण्यात जाऊन कळवता येतं आणि तसं केलं तर कायदा आपल्याला पळपुटा म्हणत नाही, हे त्या रांगेतल्या प्रत्येकाला माहीत असतं. माहिती नसल्यामुळे माणूस एकतर पळतो किंवा मार खातो.

वाडीच्या त्या काकांना मी हे कलम मोबाइलवर वाचून दाखवलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे आम्हाले तीस वर्षांत कोनं सांगतलंच नाही."

२०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. तासाला १९. त्यात ट्रकखाली आलेले होते आणि ट्रकमध्ये बसलेलेही. यांतला प्रत्येक मृत्यू वर्गाने टळला असता, असा माझा दावा नाही. रस्ते वाईट असतात, ट्रक ओव्हरलोड असतात, ड्रायव्हर दोन रात्री जागलेला असतो. पण न्यूट्रलसारख्या गोष्टी आहेत, जिथे फक्त एक वाक्य माहीत नसल्यामुळे माणसं मरतात. 'उतारावर गिअर काढू नको' हे वाक्य उस्तादही सांगू शकला असता. का काढायचा नाही, हे सांगायला ब्रेकचा ड्रम हातात घेऊन बसलेला मास्तर लागतो, आणि ऐकणाऱ्याला त्या दिवशीची मजुरी बुडणार नाही याची खात्री लागते. पहिली गोष्ट आपण १९८९मध्येच लिहून ठेवली. दुसरी अजून लिहायची आहे.